चिप काढलेल्या लॅपटॉपचा दिवा

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये लिंबू-मिरची न टांगलेलं एकच दुकान आहे, ते माझं. शेजारचा झेरॉक्सवाला दर शनिवारी माझ्यासाठी एक जास्तीची आणतो आणि मी ती त्याच्याच दाराला अडकवून येते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून 'ही बाई पहिल्यापासून तसल्याच डोक्याची असणार' असं कुणीतरी म्हणेल. नाही. मी लॅपटॉप दुरुस्त करते... नुसतं विंडोज टाकून देणं नव्हे, मदरबोर्ड उघडून, मायक्रोस्कोपखाली मान मोडून चिप काढणं-बसवणं. या कामात प्रत्येक बिघाडाला कारण असतं. ते सापडत नाही तोवर मला अन्न गोड लागत नाही, पण असतं नक्की. सोळा वर्षं मी असंच मानत आले.

दुकान सोलापुरात, पार्क चौकापासून चालत पाच मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या मागे बघतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठायत?" मी सांगते, जेवायला गेलेत, तोवर मी बघते.

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. सोलापूरचा एप्रिल ज्यांनी काढलाय त्यांना वर्णन नको. दुपारी एक ते चार बाजार आडवा होतो, शटर अर्धी खाली येतात. मी त्या वेळेत घरी जात नाही. घरी आई असते आणि पोळी वाढता वाढता ती कन्नडमधून एकच विषय काढते, तो इथे सांगण्यासारखा नाही. म्हणून डबा दुकानातच खाते आणि किचकट कामं तेव्हा उरकते. मध्ये बोलायला कुणी नसतं, ते मला बरं पडतं.

त्या सोमवारी सकाळी अनसूयाबाई आल्या. साठीच्या आसपासच्या, काठापदराची सुती साडी, कपाळाला मोठं कुंकू. पूर्व भागातलं तेलुगू विणकराचं घर. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून, बाळाला आणावं तसा दोन्ही हातांवर आणला होता. काउंटरवर ठेवला तरी त्यावरचा हात काढेनात.

त्यांचे यजमान अंबादास. चादरी आणि टॉवेलांची डिझाइन काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आधी ग्राफच्या कागदावर, नंतर या लॅपटॉपवर. लॅपटॉप जुनाच घेतलेला, पुण्याकडच्या कुठल्यातरी ऑफिसने काढून टाकलेल्या मालातला. जानेवारीत त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात तेवढा चालतो. आणि अनसूयाबाईंना खात होतं ते वेगळंच — त्यांना माणसं ओळखू येतात की नाही हेच कुणाला कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

"तोंडाकडं बगतात की," त्या म्हणाल्या, "पण मला बगायलेत का भिंतीला, कळत न्हाई बगा."

मुलगा श्रीनिवास टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने मोबाइलवर वडिलांची जुनी डिझाइन दाखवून बघितली, दुसऱ्याचा लॅपटॉप आणून दाखवली. काही नाही, मान फिरवली. तेव्हा अनसूयाबाईंच्या मनाने घेतलं की हाच लॅपटॉप पाहिजे. ज्याच्यापुढे ते रोज सकाळी आंघोळ करून, नमस्कार करून बसायचे, तो. तो उघडून त्यांच्यापुढे ठेवला की ते भानावर येतील, मग आपल्याला ओळखतील.

पण लॅपटॉप सुरूच होत नव्हता. आतला छोटा सेल संपला होता, त्यामुळे मशीन चालू होण्याआधीच अडकायचं. श्रीनिवासने कुणाकडे तरी दिला. त्या पठ्ठ्याने बायोसमध्ये शिरायचा प्रयत्न केला. बायोस म्हणजे लॅपटॉपला जाग आल्या आल्या पहिल्यांदा चालतो तो प्रोग्रॅम, मदरबोर्डवरच्या एका आठ पायांच्या चिपमध्ये असतो. त्याला त्या पुण्याच्या ऑफिसचा जुना पासवर्ड होता आणि तो कुणालाच माहीत नव्हता. अंदाजाने काहीबाही टाकल्यावर कुलूप पडलं. मग त्याने पेनड्राइव्हवरून नवा बायोस चढवायला घेतला आणि नेमकी अर्ध्यात लाइट गेली. झालं. कुलूपही तसंच आणि आतला प्रोग्रॅमही अर्धवट खरडलेला.

मी अनसूयाबाईंना सांगितलं, तुमची डिझाइन हार्ड डिस्कवर सुखरूप आहेत, दहा मिनिटांत दुसऱ्या मशीनवर देते. त्यांनी मान हलवली. "डिझाइन नको अम्मा. ह्याला उटवा."

मी फार हळवी बाई नाही. पण त्यांनी जाताना त्या लॅपटॉपच्या झाकणावर हात फिरवला आणि मला उगाच चिडल्यासारखं झालं. कशावर ते सांगता येणार नाही. खरं तर त्यांना सांगायला पाहिजे होतं की मावशी, मशीन मी उठवीन, माणसाचं माझ्या हातात नाही. सांगितलं नाही.

मंगळवारी दुपारी डबा खाऊन काम सुरू केलं. कीबोर्ड आणि बोर्ड टेबलावर उघडे मांडून चार्जर जोडला. बायोस बिघडलेला लॅपटॉप तसा मुका असतो, पण कॅप्स लॉकच्या बटणावरचा छोटा दिवा लुकलुकवून सांगतो की कुठे दुखतंय. ठरावीक लुकलुक, थांबा, परत तीच लुकलुक. आम्ही ती मोजतो आणि त्यावरून बिघाड ओळखतो. मला ती वहीत टिपून ठेवायची सवय आहे.

दिवा लागला. दोन छोट्या, पाच लांब, एक छोटी, चार लांब... असं बराच वेळ. मग मोठी विश्रांती. मग पुन्हा सुरू, पण वेगळंच. एक छोटी, सात लांब. मी म्हटलं, काय चाललंय. बिघाडाची खूण कधी बदलत नसते. तरी सवयीने टिपत गेले, विश्रांती आली की नवी ओळ. तीसेक ओळी झाल्यावर दिवा विझला तो विझलाच. घड्याळात तीन वाजत आले होते.

बायोस खराब आहे, काहीही करू शकतो, म्हणून सोडून दिलं. संध्याकाळी घरी चहा पिताना सहज वही काढली आणि एका ओळीची बेरीज केली. चोवीस. दुसरीची केली. चोवीस. आई विचारत होती की कुणाचा फोन येऊन गेला, मी तिसरी, चौथी, दहावी करत होते. सगळ्या चोवीस. बिघडलेली वस्तू अशी शिस्तीत बिघडत नाही. मी रात्रभर कूस बदलत पडले.

बुधवारी पहिलं काम म्हणजे ती चिप बोर्डवरून काढली. गरम हवेने आठ पाय सोडवले, चिमट्याने उचलली आणि प्रोग्रॅमरच्या सॉकेटमध्ये ठेवली. प्रोग्रॅमर म्हणजे चिपमधलं वाचणारं आणि लिहिणारं यंत्र. वाचून बघितलं, अर्धं पान कोरं, अर्धं कचरा. त्यात चोवीसच्या ओळीबिळी काही नव्हत्या. मग फोन, गिऱ्हाइकं यात दुपार झाली. दोन वाजून गेल्यावर टेबलाकडे वळले तर कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत होता.

नीट समजून घ्या. दिवा कधी लावायचा हे या मॉडेलमध्ये ज्या चिपमध्ये लिहिलेलं असतं ती चिप हातभर लांब दुसऱ्या यंत्रात पडलेली होती. चार्जर जोडलेला राहिला होता, ती माझी चूक. पण नुसत्या विजेवर दिवा फार तर सतत पेटेल, ओळी म्हणणार नाही. हा म्हणत होता. पहिली ओळ — दोन छोट्या, पाच लांब, एक छोटी, चार लांब. कालचीच. एका हाताने टिपत राहिले.

मी चार्जर उपटला. दिवा चालूच. बॅटरी काढली. चालूच. म्हटलं, उरलीसुरली वीज असेल, पॉवरचं बटण मिनिटभर दाबून धरलं. चालूच. मल्टिमीटर काढून दिव्याच्या दोन टोकांना लावला. शून्य. दिवा डोळ्यादेखत पेटतोय आणि मीटर शून्य दाखवतोय. मीटर बदलला. शेजारून काही येत असेल म्हणून झेरॉक्सवाल्याला त्याचं मशीन पाच मिनिटं बंद करायला लावलं, तो बिचारा काही न विचारता बंद करून आला. काही फरक नाही. तीन वाजायच्या सुमाराला दिवा आपला आपण विझला.

व्हिडिओ काढला का, असं कमेंटमध्ये विचाराल. काढला. अकरा मिनिटांचा आहे. त्यात एका कीबोर्डवर दिवा लुकलुकताना दिसतो, त्यात काय नवल. चिप, चार्जर, बॅटरी यातलं काहीच नाही हे तुम्ही फक्त माझ्या शब्दावर मानायचं. मी स्वतः मानलं नसतं.

गुरुवारी मी कामाची राहिले नव्हते. सकाळी एका चांगल्या बोर्डवर हात चुकला आणि तांब्याची पट्टी जळाली, असं माझ्याकडून वर्षात एकदा होत नाही. डबा उघडला, तसाच बंद केला. दोन वाजल्यापासून त्या बटणाकडे बघत बसले. सव्वादोनला सुरू झालं. त्याच ओळी, त्याच क्रमाने; वीसेक टिपल्या. भीती वाटली असं म्हणणार नाही... कुणीतरी आपल्या तोंडावर सतत काहीतरी बोलतंय आणि आपल्याला ती भाषाच येत नाही, तसं काहीसं. मला ते सहन होईना. शेवटी काळी टेप घेतली, तुकडा तोडला आणि दिव्यावर चिकटवून टाकला. वर वर्तमानपत्र घातलं. शटर ओढून खाली जाऊन रस ढोसला, उन्हात बसस्टँडच्या दिशेने उगाच चालत सुटले आणि परत आले.

शुक्रवारी अनसूयाबाई अचानक आल्या, त्याही अडीचच्या उन्हात. डोक्यावर पदर, चेहरा लाल झालेला. सून रेणुका घरात आहे, तिला बसवून आले म्हणाल्या. त्यांना पाणी दिलं आणि लॅपटॉप अजून झाला नाही हे सांगण्यासाठी वाक्य जुळवत होते. त्या स्टुलावर बसल्या. समोर माझी वही उघडी होती. त्यांनी पाणी पिता पिता तिच्यावर बोट ठेवलं आणि ओळीवरून सरकवू लागल्या. ओठ हलत होते. रेंडु, ऐदु, ओकटि, नालुगु. तेलुगूत आकडे, दोन, पाच, एक, चार.

"हे कुणी दिलं तुमाला?"

मी म्हटलं, हा लॅपटॉपचा बिघाड आहे, तुम्हाला नाही कळायचं. उद्धटपणे म्हटलं, कबूल करते.

"बिगाड न्हाई हो. हे कार्ड हाय."

मग त्यांनी मला समजावलं, ते थोडक्यात सांगते. जॅकार्डच्या मागावर डिझाइन चालतं ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर. पूर्वी हे हाताने व्हायचं. एकाने ग्राफवर काढलेलं डिझाइन ओळीओळीने मोठ्यांदा वाचायचं, दोन भरलेले, पाच मोकळे, एक भरलेला. आणि दुसऱ्याने ऐकत ऐकत कार्डाला भोकं मारायची. लग्नानंतरची कित्येक वर्षं त्यांच्या घरी अंबादास वाचायचे आणि अनसूयाबाई मारायच्या. छोट्या म्हणजे भरलेले, लांब म्हणजे मोकळे. चोवीस चौकटींची ओळ. ज्याने माझी झोप उडवली होती ते त्यांनी दोन मिनिटांत उलगडून ठेवलं.

त्यांनी ग्राफचा कागद मागितला. माझ्याकडे कुठला. कॉम्प्युटरवर चौकटी आखून प्रिंट काढून दिली. त्या पेनने चौकटी भरायला लागल्या, वहीकडे एक डोळा, कागदाकडे एक. हात भरभर चालत होता. दहाबारा ओळींत दिसायला लागलं की ते अर्धं कमळ आहे. दुसरी अर्धी बाजू माग स्वतः उलटी करून विणतो, त्यामुळे अर्धंच काढतात. मी खुर्चीतून उठून त्यांच्या खांद्यामागे उभी राहिले होते.

अठराव्या ओळीवर त्यांचा हात थांबला.

"इतं दोन पायजेत. तीन लिवलंय."

मी म्हटलं, माझी टिपताना चूक झाली असेल. पण मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही दिवसांच्या पानांवर त्या जागी तीनच होते. बेरीजही चोवीसच, पुढचा एक मोकळा कमी. त्यांनी तिन्ही पानं बघितली. पेन खाली ठेवलं. मी पंखा मोठा केला.

ते कमळ त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी मारलेलं कार्ड होतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या होत्या, माहेर तेलंगणात लांब, त्या दिवशी घरची आठवण येऊन रडत रडत काम चाललेलं. अंबादासांनी दोन वाचले, त्यांनी तीन मारले. कुणाच्या ध्यानात आलं नाही. कमळाच्या पाकळीला ओरखडा पडलेल्या चादरींचा अख्खा लॉट विणून झाला तेव्हा मालकाने दोघांना उभं केलं. अंबादास म्हणाले, मी चुकीचं वाचलं. त्यांचं ते काम गेलं. घरी आल्यावर बायकोला एक शब्द बोलले नाहीत. नवं कार्ड केलं, त्यात दोनच. जुनं कार्ड अनसूयाबाईंनी स्वतःच्या हाताने चुलीत घातलं.

"सासूला बी म्हाईत न्हाई. पोराला बी म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या. "ते तीन जगात कुटंच न्हाईत आता."

मी नंतर लॅपटॉपमधलं कमळ उघडून बघितलं. अठरावी ओळ, दोन. म्हणजे मशीनच्या पोटातूनही ते तीन आलेले नव्हते.

मी विचारलं, काका आत्ता काय करतायत? सहज विचारलं, की कसं ते माहीत नाही. त्या म्हणाल्या, पडले असतील. दुपारी त्यांचा त्रास असतो. त्रास म्हणजे काय, तर डाव्या हाताचं बोट खाटेच्या लोखंडी पाइपवर वाजवत बसतात. टकटक करतात, मधूनच बोट घासतात, परत टकटक. तासन्‌तास. रेणुका शेजारच्याच खोलीत बसून विड्या वळते, तिचं डोकं उठतं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, या आजारात होतं असं, लक्ष देऊ नका. म्हणून दोन वाजता जेवण झालं की त्या हाताला मऊ फडकं गुंडाळायचं. तासाभराने झोप लागली की सोडायचं.

"कोण गुंडाळतं?"

"मीच की," त्या म्हणाल्या. "आता बी बांदूनच आले."

हे बोलल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलापाशी गेले, वर्तमानपत्र बाजूला केलं आणि नखाने टेप उचकटली. दिवा चालू होता. आम्ही दोघींनी मिळून त्या माणसाचं तोंड दाबून धरलं होतं, त्यांनी फडक्याने आणि मी टेपने, आणि तो आपला ओळी म्हणत होता. त्या क्षणी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही.

अनसूयाबाईंनी फोन लावला, स्पीकरवर. रेणुकाला तेलुगूत सांगितलं, मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, हाताचं फडकं सोड आणि फोन तिथंच खाटेवर ठेव. माझं लक्ष दिव्याकडे आणि वहीकडे होतं. बाविसावी ओळ चालू होती. तीन छोट्या, सहा लांब, दोन छोट्या... आणि दिवा मध्येच थांबला. वहीप्रमाणे त्या ओळीत अजून राहिलं होतं — चार लांब, एक छोटी, आठ लांब.

फोनमधून पंख्याचा आवाज येत होता. मग लोखंडावर बोट घासल्याचा आवाज. एक, दोन, तीन, चार. मग एक टक. मग पुन्हा घासणं. मी मोजलं. आठ.

त्यानंतर तो दिवा पुन्हा कधी पेटला नाही.

मी शटर ओढलं आणि अनसूयाबाईंना स्कूटीवर मागे बसवून त्यांच्या घरी गेले. वाटभर त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता. दोन खोल्यांचं घर, बाहेर रेणुकाचं सूप आणि तेंदूची पानं, आतल्या खोलीत खाट. अंबादासकाका बारीक, दाढीचे खुंट वाढलेले, डोळे छताकडे. मला वाटलं, हे कुणाला ओळखत नाहीत हेच खरं दिसतंय. बोट पाइपवर हलत होतं.

अनसूयाबाई खाटेच्या कडेला बसल्या. माझ्या प्रिंटचा कागद मांडीवर घेतला आणि वरून वाचायला सुरुवात केली. वाचणं म्हणजे साधं नव्हतं ते, एक चाल होती, हेल काढून म्हणत होत्या. काकांचं बोट थांबलं. मग त्यांच्यामागून वाजायला लागलं. त्या म्हणतील तेवढं. पहिली ओळ, दुसरी, पाचवी, दहावी. रेणुका दारात येऊन उभी राहिली होती, हातात अर्धी वळलेली विडी.

अठरावी ओळ आली. कागदावर ती चौकट अजून कोरीच होती. अनसूयाबाई म्हणाल्या, "रेंडु."

बोट तीनदा वाजलं.

त्या थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "रेंडु." पुन्हा तीन. आणि काकांच्या तोंडाची डावी बाजू हळूच वर गेली. उजवी तशीच लोंबत होती, त्यामुळे ते हसणं अर्धंच होतं, पण हसणंच होतं ते. डोळे छताकडे नव्हते, बायकोकडे होते.

"चिडवायलेत मला," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या हातावर एक हलकी चापट मारून ढसाढसा रडायला लागल्या. मी बाहेर येऊन पायरीवर बसले, कारण माझंही काही खरं नव्हतं.

लॅपटॉपचं सांगायचं तर शनिवारी त्याच मॉडेलचा स्वच्छ बायोस चिपमध्ये लिहिला, चिप परत बसवली, नवा सेल घातला. पहिल्या झटक्यात चालू झाला, पासवर्डही गेला. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी दुरुस्ती. तो घेऊन गेले, त्यांच्यापुढे उघडून ठेवला. काकांनी एकदा बघितलं आणि डोळे मिटले. अनसूयाबाईंनी तो बंद करून टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवून दिला. त्याची गरजच संपली होती.

श्रीनिवासला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, बाबांच्या हाताला ती चाल पाठ आहे, हात आपोआप चालतो, त्याचा अर्थ ते आईला ओळखतात असा होत नाही. डॉक्टरांचंही साधारण तेच. आणि खरं सांगू, मलाही अधूनमधून वाटायचं की असेल. एकच चूक हाताला पाठ झालेली असू शकते. अनसूयाबाई मात्र वाद घालत नाहीत. फडकं त्यांनी फेकून दिलं, दुपारी दोन ते तीन रोज त्यांच्याजवळ बसतात.

दिव्याबद्दल मी माझ्यापरीने सगळं करून बघितलं. तसलाच दुसरा बोर्ड मिळवून चिप काढून ठेवला, आठवडाभर दुपारी समोर बसले. काही नाही. या लाइनमधल्या तीन जाणत्या लोकांना विचारलं, दोघांनी माझ्या मीटरवर संशय घेतला आणि एकाने माझ्यावर. बरं, लॅपटॉप त्यांचा होता म्हणून त्याच्यातून आलं म्हणावं तर त्यात ते तीन नव्हतेच. त्यांच्या मनातून आलं म्हणावं तर मन आणि माझं टेबल यांच्यामध्ये अख्खं सोलापूर आहे. आणि तो दिवा मला का दिसावा, मी त्यांची कोण? अजूनही दुपारी दोन वाजले की माझा हात कामावरून उठतो. स्वस्थ बसवत नाही.

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले होते, वाटेवर होतं म्हणून. दुपारच्याच वेळी. दोघांचं चाललं होतं, ती वाचतेय, तो वाजवतोय. अठरावी ओळ आली तशी अनसूयाबाईंनी माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत त्यांनी तिथे दरवेळी दोनच म्हटलं होतं आणि दरवेळी तीन टकटक ऐकल्या होत्या. त्या दिवशी त्या हरल्यासारखं करून म्हणाल्या, "बरं बाबा, मूडु." मूडु म्हणजे तीन.

काकांचं बोट वर उचललेलं होतं. ते जरा वेळ तसंच हवेत राहिलं. मग पाइपवर वाजलं, एकदा आणि दुसऱ्यांदा. तिसऱ्याची आम्ही वाट बघत होतो, तर त्यांनी हात पोटावर घेऊन ठेवला आणि बायकोकडे बघत राहिले.

हाताला पाठ होतं म्हणणाऱ्यांनी याचं काय ते सांगावं. दिव्याचं मला विचारू नका, मला खरंच माहीत नाही.